स्वयंचलित गिअरबॉक्समधील गिअर-बदलाचा कडकपणा : अमेरिकी ट्रकच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

स्वयंचलित गिअरबॉक्सचा इतिहास सामान्यतः चालकाच्या सुखसोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. क्लचचे पेडल नाहीसे झाले, गिअर बदलल्याचे प्रवाशाला जाणवेनासे झाले आणि यालाच प्रगती मानले गेले. परंतु त्याच काळात अमेरिकेतील अनेक ट्रकमालक व कारागीर नेमकी उलट खटपट करीत होते. कारखान्याने हेतुपुरस्सर मऊ ठेवलेला गिअर-बदल ते कडक करून घेत होते. या विसंगतीचे कारण काय, आणि गिअर-बदल किती कडक असावा हे ठरविण्याचा अधिकार कालौघात कोणाकडे गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मऊपणाची किंमत :

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे बहुधा तेलाच्या दाबाने एक क्लच किंवा बँड सुटतो आणि दुसरा पकड घेतो. ही पकड पूर्ण होईपर्यंतच्या अल्प क्षणात क्लच प्लेट घसरतात व तापतात. या उष्णतेचे दोन भाग पडतात. वरचा गिअर पडताना इंजिनाचा वेग उतरावा लागतो. त्यातून निघणारी उष्णता बदल सावकाश झाला काय किंवा झटपट झाला काय, जवळपास सारखीच असते. दुसरा भाग घसरण चालू असताना इंजिन जे बळ लावीत राहते त्यातून येतो, आणि तो घसरणीच्या काळाबरोबर वाढत जातो. सपाट रस्त्यावरील हलक्या मोटारीत हा दुसरा भाग किरकोळ असतो. मागे ट्रेलर जोडून चढण चढणाऱ्या ट्रकमध्ये मात्र तो फार मोठा होतो. मऊपणाची किंमत अशा रीतीने क्लच प्लेट चुकवतात. उलटपक्षी, बदल अतिशय कडक केल्यास त्याचा धक्का प्रोपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट व डिफरन्शियल यांना सोसावा लागतो.

कारखान्याचा कल :

तेलाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेण्याची कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये मांडली. ती मूळची जहाजांसाठी होती. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये जाहीर केलेली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत बसविलेली ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स होय. दुसऱ्या महायुद्धात ती ‘एम ५’ व ‘एम २४’ या हलक्या रणगाड्यांतही वापरली गेली, आणि १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या जीएमसी बनावटीच्या अडीच टनी ट्रकमध्येही ती आली. तिची मजबुती यातून स्पष्ट होते. तथापि तिचा गिअर-बदल चांगलाच जाणवणारा होता. ब्यूकने १९४८ मध्ये आणलेल्या ‘डायनाफ्लो’त नेहमीच्या चालीत गिअर बदलतच नसे, त्यामुळे धक्क्याचा प्रश्नच उरला नाही. पुढे १९५६ मध्ये खुद्द हायड्रा-मॅटिकमध्ये तेलाने भरणारे व रिकामे होणारे दुसरे कपलिंग घालून बदल मऊ करण्यात आला. शोरूममधील गिऱ्हाईक पहिल्या फेरीत मऊपणा पारखतो; टिकाऊपणाची परीक्षा बऱ्याच वर्षांनी होते. कारखान्याचा कल मऊपणाकडे का राहिला, याचे हे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

कारागिरांचे प्रत्युत्तर :

१९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘बी अँड एम’ने शर्यतीच्या मोटारींसाठी हायड्रा-मॅटिकमध्ये फेरफार करण्यास आरंभ केला. पुढे गिल यंगर यांच्या ‘ट्रान्सगो’ने ‘शिफ्ट किट’ हे नाव रूढ केले. या संचांचे तत्त्व साधे होते. व्हॉल्व्ह बॉडीतील विभाजक पट्टीची छिद्रे मोठी केली की क्लचकडे तेल लवकर पोहोचते. दाब नियंत्रित करणारी स्प्रिंग बदलली की मूळ दाब वाढतो. ॲक्युम्युलेटर हा स्प्रिंगवर टेकलेला दट्ट्या थोडे तेल स्वतःत सामावून घेऊन दाब हळूहळू चढू देतो. त्याची स्प्रिंग ताठ केली की हा विलंब घटतो. फोर्डची ‘सी ६’ आणि जनरल मोटर्सची ‘टर्बो हायड्रा-मॅटिक ४००’ या ट्रकमध्ये रुळलेल्या गिअरबॉक्सना इंजिनावरील भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरमार्फत कळे. स्क्रू असलेल्या मॉड्युलेटरमध्ये तो स्क्रू फिरवूनही दाब कमी-जास्त करता येई.

येथे जाणत्या कारागिराचा विवेक दिसून येतो. छिद्र एकदा मोठे केले की ते लहान करता येत नाही. म्हणून एका वेळी एकच फेरफार करणे, दाबमापक लावून आकडा पाहणे, तेल पूर्ण तापल्यावर रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत ट्रक चालवून पाहणे, ही शिस्त आवश्यक ठरते. ॲक्युम्युलेटर साफ बंद करून टाकणे ही कडकपणाची सोपी वाट असली, तरी तिने हलक्या चालीतही हादरे बसतात.

संगणकाचे आगमन :

फोर्डची ‘ई४ओडी’ (१९८९) व जनरल मोटर्सची ‘४एल८०-ई’ (१९९१) यांत दाब ठरविण्याचे काम संगणक व सोलेनॉइडकडे गेले. या रचनेतील एक बारकावा उद्बोधक आहे. सोलेनॉइडला वीज जितकी जास्त, तितका दाब कमी. त्यामुळे तार तुटल्यास दाब कमाल होतो व प्रत्येक बदल कडक होतो. म्हणजे ज्या कारखान्याने मऊपणाचा पुरस्कार केला, त्यानेही बिघाडाच्या प्रसंगी क्लच वाचविणेच श्रेयस्कर मानले.

संगणक इंजिनाच्या बळाचा अंदाज बांधून दाब देतो. डिझेल इंजिनाची ताकद परस्पर वाढविणारे उपकरण जोडल्यास हा अंदाज तोकडा पडतो, दाब अपुरा राहतो आणि क्लच घसरतात. २००१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या जड पिकअप ट्रकमध्ये आलेली ‘ॲलिसन १०००’ घसरण मोजून पुढील बदल स्वतःच सुधारत असे. परंतु अशा सुधारणेलाही मर्यादा असते. ड्रिल व स्क्रूची जागा यथावकाश सॉफ्टवेअरने घेतली. सॉफ्टवेअरमधील फेरफार मागे घेता येतो, हा लाभ खरा. मात्र त्यासाठी लागणारी किल्ली बव्हंशी उत्पादकाच्या हाती असल्याने सामान्य कारागिराचा अधिकार आकुंचित झाला, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष :

१) गिअर-बदलाचा कडकपणा हा केवळ आवडीनिवडीचा विषय नसून झीज कोणत्या भागाने सोसावी याचा निर्णय आहे.

२) सर्वकाळ कडक बदल हे योग्य उद्दिष्ट नव्हे. भाराच्या प्रमाणात वाढणारा दाब हेच खरे उद्दिष्ट होय, आणि मॉड्युलेटरपासून संगणकापर्यंतचे प्रयत्न त्याच दिशेने झाले.

३) हा निर्णय प्रथम कारखान्याने, नंतर कारागिराने आणि पुढे सॉफ्टवेअरने घेतला. ट्रकवर प्रत्यक्ष किती ओझे पडणार आहे हे मात्र प्रत्येक काळात मालकालाच सर्वांत अधिक ठाऊक होते. यंत्राचा इतिहास लिहिताना वापरणाऱ्याच्या या ज्ञानाची नोंद घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.