1898 : बीडवरून गेलेली सावली

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे ग्रहणाचे फोटो. सुरुवात मात्र एका मेसेजपासून करू.

18 ऑगस्ट जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो. नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज साहेबाने 1868 साली विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लावला, असं त्यात असतं. पुरावा म्हणून किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्या'चा फोटो. वाचून छाती फुगते, बोट आपोआप फॉरवर्डवर जातं.

पण 1868 च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहण भारतात गुंटूरहून पाहिलं जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. लॉकयर यांनी त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला, ग्रहण वगैरे काही नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला ते आले हे खरंय, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. दोन वेगळ्या तारखा एकमेकींत मिसळल्या आणि एक गोड गोष्ट तयार झाली. हा तारखांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर 1898. पुण्यात रँडच्या खुनाला बरोबर सात महिने झालेले. प्लेगची धास्ती होती. अशा काळात खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे निघाली. जेऊर, मग वर्ध्याकडचं पुलगाव, आणि तिथून पुढे उत्तर भारत. आता फोनवर नकाशा उघडा आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरपासून पुलगावपर्यंत एक रेषा ओढा. मध्ये कोण येतं? आपला बीड जिल्हा!

म्हणजे भरदुपारी आपल्या शिवारात अंधार झाला होता. तरी ग्रहणाच्या इतिहासात नाव येतं जेऊरचं. का? कारण तिथं रेल्वे स्टेशन होतं. मुंबईहून रायचूरकडे जाणारी जीआयपीची लाइन जेऊरवरून जायची. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि जिल्ह्यात रेल्वेचा रूळ नाही. त्या वेळी ग्रहणाचा फोटो काढायचा म्हणजे काय थाट! अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला आले ते चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. पेट्याच्या पेट्या भरून काचेच्या प्लेटा आणि त्या धुवायची रसायनं. हे सगळं बैलगाडीवर लादून घाट चढवायला कोण धजणार? आणि एवढा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

जेऊरला आपल्याकडचाही एक माणूस होता. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. ती त्यांनीच उभी केली होती. त्या वेधशाळेतली वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. नायगमवालांनी जेऊरला ग्रहणाच्या वर्णपटाचे फोटो घेतले आणि सविस्तर अहवाल छापला. आपल्या शेजारच्या तालुक्यात झालेलं हे काम, पण शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र पुलगावजवळच्या तळणीची आहे. तिथं अ‍ॅनी माँडर आल्या होत्या. त्या ग्रिनिच वेधशाळेत गणिताचं काम करायच्या, पण 1895 मध्ये लग्न झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. म्हणजे कागदोपत्री त्या हौशीच. त्यांच्याकडचा कॅमेरा छोटासा, भिंग दीड इंचाचं. त्या कॅमेऱ्यात सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब झोत आला, साठ लाख मैलांच्या आसपास. एवढा लांब झोत तोवर कुणाच्याच प्लेटवर आला नव्हता. साधन लहान होतं, पण नेमकं काय टिपायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वाट्याला बहुतेक वेळा येतं खंडग्रास. 26 डिसेंबर 2019, 21 जून 2020, 25 ऑक्टोबर 2022, तिन्ही सूर्यग्रहणं महाराष्ट्रातून खंडग्रासच दिसली. प्रत्येक वेळी फोन वर धरलेले हात, आणि फोटोत काय, तर एक पांढरा गोळा. सूर्य एवढा प्रखर असतो की कोर फोटोत उतरतच नाही. भिंगासमोर सूर्यासाठीचा खास फिल्टर हवाच, आणि आपल्या डोळ्यांवर ग्रहणाचा प्रमाणित चष्मा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतलं पाणी, यातलं काहीही चालत नाही. डोळ्याचा पडदा जळतो तेव्हा दुखत नाही, म्हणूनच धोका मोठा आहे.

चष्मा नसेल तर? सरळ लिंबाच्या झाडाखाली जा आणि खाली बघा. पानांच्या फटीतून पडलेला प्रत्येक कवडसा ग्रहणात कोरीसारखा होतो. जमिनीवर शेकडो छोटे सूर्य! झाड नसेल तर पिठाची चाळणी धरा. सूर्याकडे पाठ करून या कवडशांचा फोटो काढा. डोळ्यांना धोका नाही, खर्च शून्य.

चंद्रग्रहण त्याहून सोपं, तिथं फिल्टर लागत नाही. 28 ऑक्टोबर 2023 ला कोजागरीच्या रात्री चंद्राचा अगदी छोटा तुकडा झाकला गेला होता. अशा वेळी फोन भिंतीला टेकवून स्थिर करा, स्क्रीनवर चंद्राला बोट लावा आणि उजेड कमी करा. चंद्रावरची सावलीची कड गोलाकार दिसेल. ती कड पृथ्वीची आहे, म्हणजे त्या फोटोत तुम्हीही आहात.

आता तो तारखांचा मुद्दा. फोनच्या फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, लोकेशन चालू असेल तर जागाही. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की ही माहिती उडून जाते. उरतं नुसतं चित्र. आणि वेळ-जागा नसलेल्या चित्राला कुणीही कुठलीही गोष्ट चिकटवू शकतो. विजयदुर्गच्या ओट्याचं तेच झालं. म्हणून मूळ फोटो जपा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, वहीत लिहा: गाव, तारीख, वेळ, आभाळ कसं होतं. नायगमवालांचं काम आज आपल्याला सांगता येतं ते त्यांनी लिहून ठेवलं म्हणून.

2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास असेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. महिना पावसाचा, आणि आपल्या जिल्ह्यात ऑगस्टमध्ये आभाळ मोकळं राहू दे असं देवाकडे मागायची कुणाची हिंमत होणार नाही. पाऊस आला तर उत्तमच, पिकं तरतील. नाही आला, तर चाळणी आणि वही घेऊन अंगणात या. 1898 मध्ये सावली गेली तेव्हा कॅमेरा जेऊरला उतरला होता. या वेळी तो आपल्या खिशात आहे.

भेटू पुढच्या भागात.