‘भिली’ची संगणकातील ओळख

संगणकाची कार्यप्रणाली तारीख, वार, चलन, अंकांची मांडणी आणि अकारविल्हे या बाबी प्रत्येक भाषेच्या रीतीप्रमाणे दाखवते. त्यासाठी भाषा व देश यांच्या जोडीनुसार एक स्वतंत्र फाइल असते. तिला ‘लोकेल’ म्हणतात. लिनक्समधील अशा फाइली ‘ग्लिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाबरोबर येतात. मराठीसाठी ‘एमआर’ ही भाषेची खूण आणि ‘आयएन’ ही भारताची, अशी जोडी वापरली जाते.

या फाइलीच्या आरंभी ओळख सांगणारा एक विभाग असतो. फाइलीचे शीर्षक, माहिती पुरवणारी संस्था, संपर्काची व्यक्ती व पत्ता, भाषा, प्रदेश, आवृत्ती आणि दिनांक यांची नोंद त्यात होते. पुढचा प्रत्येक विभाग कोणत्या मानकाला धरून लिहिला आहे, हेही तिथेच जाहीर करावे लागते. वारांची नावे छापताना या विभागाचा काहीच उपयोग नसतो. म्हणूनच तो घाईघाईने भरला जातो. एखादे नाव चुकीचे आहे असे वाचणाऱ्याला वाटले, तर विचारायचे कोणाला, याचे उत्तर मात्र फक्त तिथेच मिळते.

‘भिली’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग्लिबसीच्या 2.21 या आवृत्तीत भिलीची फाइल प्रथम समाविष्ट झाली, ती ‘बीएच’ या खुणेने. आंतरराष्ट्रीय मानकात ही दोन अक्षरे बिहारी भाषासमूहाला दिलेली होती. म्हणजे आतला मजकूर भिलीचा आणि पाटी बिहारीची. पुढे तिचे नाव बदलून भिलीची तीन अक्षरी खूण, ‘बीएचबी’, देण्यात आली. असे नामांतर वरवर क्षुल्लक दिसते. पण ज्या संगणकावर जुने नाव नोंदलेले असते, तिथे नव्या आवृत्तीत ती फाइल सापडत नाही आणि वार-महिने निमूटपणे इंग्रजीत उमटू लागतात.

पाटी दुरुस्त झाली तरी ‘भिली’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न उरतोच. 2011 च्या जनगणनेत ‘भिली/भिलोडी’ या मथळ्याखाली सुमारे 1 कोटी 4 लाख भाषक नोंदले गेले. त्या मथळ्यात अनेक मातृभाषा एकत्र केलेल्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव, सरदार सरोवराच्या बुडिताची झळ लागलेले महाराष्ट्रातील पहिले. या सातपुडा पट्ट्यात वसावी, नोइरी, पावरी अशा भिल्ल भाषा बोलल्या जातात. वसावीला ‘व्हीएएस’ आणि नोइरीला ‘एनओआय’ अशा स्वतंत्र खुणा मानकात आहेत. ग्लिबसीत त्यांच्या फाइली नाहीत. विस्थापितांच्या वसाहतीतील एखाद्या तरुणाने यादीतून ‘भिली’ निवडली, तर समोर येणारे शब्द त्याच्या घरचे असतीलच असे नाही. ते कोणत्या तालुक्यातून, कोणाकडून घेतले, हे ओळखविभागात लिहिले असते तर निदान फरक कळला असता. भाषा आणि प्रदेश यांच्या रकान्यांत बोलीला वेगळी जागा नाही. शीर्षक आणि फाइलीतील टिपा यांचाच काय तो आधार.

अन्यत्र याबाबत अधिक कडक शिस्त आढळते. लिनक्सच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या घटकाने आपला परवाना जाहीर करावा लागतो. तो मुक्त नसेल तर गाभा स्वतःवर ‘दूषित’ असा शिक्का मारून घेतो. ‘निक्सओएस’ या प्रणालीत मांडणीच्या घटकाला सांभाळकर्त्यांची यादी आणि दस्तऐवजाची फाइल जोडण्याची सोय आहे. प्रत्येक पर्यायाशेजारी लिहिलेल्या वर्णनातूनच तिथली संदर्भपुस्तिका तयार होते, त्यामुळे वर्णन आणि घटक यांची फारकत सहसा होत नाही. लोकेलच्या फाइलीत सांभाळकर्त्याचा रकाना आहे. तो माणूस पुढे दुसऱ्या नोकरीत गेला की पत्ता तेवढा मागे राहतो.