खाण्याची मोजदाद : उशिरा अंगवळणी पडलेल्या तीन सवयींचा इतिहास

ठरावीक दिवशी स्वतःचे वजन पाहणे, खाल्लेले मोजणे आणि दोन्हींची नोंद ठेवणे या तीन सवयी आज आहारतज्ज्ञ एकत्रच शिकवतात. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या गरजांतून आल्या आणि त्यांची गाठ पडायला विसावे शतक उजाडावे लागले. तराजू माणसाजवळ हजारो वर्षे होता, पण त्यात धान्य, सोने, कापूस तोलला जाई. माणूस तोलला गेलाच तर तो दानासाठी. 1674 मध्ये राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, ती दानासाठीच. मोगल बादशहांचीही वाढदिवशी तुला होई. औरंगजेबाचे वजन आदल्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी वाढलेले दिसले तेव्हा दरबारात आनंद झाला, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. वाढलेले वजन हे सुखाचे लक्षण मानणारा तो काळ होता.

आहाराच्या मात्रेचा विचार मात्र भारतात फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘मात्राशितीय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. निंद्य शरीरांचे जे आठ प्रकार या संहितेने सांगितले त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत: एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी, एक वात-पित्त-कफांसाठी. वाग्भटाने चार भाग केले आणि दोन अन्नाला, एक पेयाला देऊन चौथा वायूसाठी मोकळा ठेवला. जड पदार्थ तृप्तीच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर थांबवावेत, हलकेही पोट गच्च होईस्तोवर खाऊ नयेत, असा दंडक होता. प्रत्येकाच्या अग्नीप्रमाणे मात्रा बदलते हे त्यामागचे तत्त्व आजही टिकून आहे. या पद्धतीत माप खाणाऱ्याच्या आतच असते. ते माप बिघडले आहे की काय हे पडताळून पाहायला बाहेरचे साधन नव्हते.

बाहेरचे माप लावून स्वतःचा आहार बांधून घेणाऱ्यांत इटलीतील पडुआचा श्रीमंत गृहस्थ आल्विसे कोर्नारो सर्वांत प्रसिद्ध आहे. खाण्यापिण्याच्या अतिरेकाने चाळिशीच्या सुमारास त्याची प्रकृती ढासळली. मग ब्रेड, अंड्याचा बलक, मांस आणि सूप मिळून दिवसाला बारा औंस अन्न, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, आणि चौदा औंस वाइन एवढेच घ्यायचे त्याने ठरवले. पुढे आप्तांच्या आग्रहाखातर दोन्ही दोन-दोन औंसांनी वाढवल्यावर तो आजारी पडला आणि पुन्हा जुन्या मापावर आला. त्याचे मिताहारावरचे पुस्तक 1558 मध्ये छापले गेले आणि पुढची काही शतके युरोपात वाचले गेले. त्याच्या जन्मवर्षाबद्दल वाद आहे. तरी 1566 मध्ये वारला तेव्हा त्याने ऐंशी नक्कीच ओलांडली होती. एवढे कमी अन्न प्रत्येकाला मानवणार नाही हे उघड आहे. महत्त्व आहे ते त्याच्या रीतीला: रोजचे माप आधी ठरवायचे आणि भूक किंवा आग्रह यांपैकी कशानेही ते हलू द्यायचे नाही.

त्याच पडुआच्या विद्यापीठात 1611 पासून वैद्यक शिकवणाऱ्या सांतोरियो सांतोरी याने खाल्लेले तोललेच, शिवाय खाणाराही तोलला. छतातून टांगलेल्या मोठ्या तराजूच्या दांडीला त्याने खुर्ची अडकवली. तिच्यात बसून तो स्वतःचे वजन, अन्नपाण्याचे वजन आणि मलमूत्राचे वजन घेत राहिला, तेही अनेक वर्षे. हिशेब जुळेना. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता त्वचेवाटे आणि श्वासावाटे निघून जातात, असा निष्कर्ष त्याने काढला. 1614 मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या ग्रंथामुळे वैद्यकात मोजमापाला प्रतिष्ठा मिळाली. खुर्चीचा दुसरा उपयोग त्याहून साधा आणि या इतिहासात त्याहून मोलाचा. जेवायला बसताना दांडीवर ठरलेले वजन लावून ठेवायचे. तेवढे अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली येई आणि जेवण थांबवायचे. जेवताना माणसाला स्वतःची मर्यादा कळत नाही, ती बाहेरच्या खुणेने कळवावी लागते, हे त्याने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

सामान्य माणसाला स्वतःचे वजन कळण्याची सोय मात्र दुकानदारांनी केली. लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावरच्या, आज बेरी ब्रदर्स अँड रड या नावाने चालणाऱ्या दुकानात कॉफीची पोती तोलण्याचा मोठा काटा होता. 1765 पासून तेथे गिऱ्हाइकांना त्यावर तोलून आकडे वह्यांत नोंदले जाऊ लागले. कवी बायरनचे वजन 1806 मध्ये सुमारे 88 किलो होते आणि 1811 मध्ये ते 57 किलोच्या खाली गेले, हे आज कळते ते या वह्यांमुळे. बायरनने ज्या उपासमारीने ते उतरवले ती अनुकरणीय नव्हती. पण एकाच माणसाचे, एकाच काट्यावरचे, वर्षानुवर्षांचे आकडे ओळीने लिहिलेले असणे ही नवी गोष्ट होती.

या नोंदीला जाहीर स्वरूप दिले विल्यम बँटिंग याने. राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या लंडनच्या पेढीचा हा मालक साठीनंतर इतका स्थूल झाला की त्याला बुटाची नाडी बांधता येईना आणि गुडघ्यांवर ताण नको म्हणून तो जिना उलटा उतरे. व्यायाम, वल्हवणे, समुद्रस्नान, बाष्पस्नान सगळे करून झाले होते. ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या शल्यविशारदाकडे गेला. हार्वीने पॅरिसला क्लोद बेर्नार यांची मधुमेहावरची व्याख्याने ऐकली होती. त्याने ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. 26 ऑगस्ट 1862 रोजी 202 पौंड, म्हणजे जवळपास 92 किलो असलेले बँटिंगचे वजन वर्षभरात 46 पौंडांनी उतरले. 1863 मध्ये त्याने स्वखर्चाने छापलेली पत्ररूप पुस्तिका हातोहात गेली आणि डॉक्टरांचा रोषही तिने ओढवून घेतला. त्याच्या पथ्याबद्दल वाद चालूच राहिला. पुस्तिकेतला टिकाऊ भाग म्हणजे तारीखवार वजनांचा तक्ता. त्या तक्त्यामुळे वाचकाला ‘बरे वाटले’ या शब्दांवर विसंबावे लागले नाही, घट किती आणि कोणत्या गतीने झाली ते दिसले.

तोवर अन्न मोजायचे ते औंसांत किंवा शेरांत, आणि शेरभर काकडी व शेरभर तूप यांतला फरक सांगणारे एकक नव्हते. 1782-83 च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या उपकरणात गिनीपिग ठेवला आणि वितळलेल्या बर्फावरून त्याच्या शरीरातली उष्णता मोजली. श्वसन हे मंद ज्वलनच आहे, हा विचार त्यातून पक्का झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत माक्स रुबनर याने अन्नघटकांची उष्णता काढली. अमेरिकेत कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर याने माणूस मावेल अशी बंद खोलीच उपकरण म्हणून बांधली. माणूस आत काही दिवस राहायचा, खायचा, झोपायचा, व्यायाम करायचा. त्याची उष्णता आणि श्वास बाहेर मोजले जायचे. प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅममागे 4 आणि स्निग्धाच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरी हे आजच्या वेष्टनांवरचे गणित त्याच्या कामातून रूढ झाले. त्याचा हेतू वजन उतरवण्याचा नव्हता. कामगाराला कमी पैशांत पुरेसे अन्न कसे मिळेल, हा त्याचा प्रश्न होता.

हे गणित उलट्या दिशेने वापरले लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातील डॉक्टर बाईंनी. त्या स्वतः स्थूल होत्या आणि मोजून खाऊन त्यांनी वजन उतरवले होते. 1918 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात ‘एक स्लाइस ब्रेड’ असे न म्हणता ‘100 कॅलरींचा ब्रेड’ म्हणायला शिकवले होते आणि शंभर-शंभर कॅलरींचे वाटे पाडून दिले होते. गृहिणीला प्रयोगशाळेची भाषा स्वयंपाकघरात वापरता आली ती अशी. त्यांनी सुचवलेली 1200 कॅलरींची दैनिक मर्यादा पुढे पुष्कळांनी डोळे झाकून स्वीकारली. 1944-45 मध्ये मिनेसोटात अ‍ॅन्सल कीज यांच्या प्रयोगात 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे सुमारे 1570 कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन एक चतुर्थांश घटले आणि त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरे काही राहिले नाही. मोजण्याची सवय उपकारक असते ती पुरेसे खाऊनच.

भारतात अन्नाची मोजणी सुरू झाली ती टंचाईतून, आणि ही गोष्ट विसरून येथील कोष्टके वाचता येत नाहीत. 1877 च्या दुष्काळात रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य रोजी एका पौंडावर, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमवर आणले. कष्टाचे काम करणाऱ्याला ते पुरणार नाही, असे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी बजावले. मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू लावून धरली. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक वॉलेस आयक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला हलली. तेथूनच 1971 मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि 2017 मध्ये 528 पदार्थांची नवी कोष्टके आली. ज्वारी, नाचणी, हरभऱ्याची डाळ यांचे आकडे अशा रीतीने घरोघर पोचण्याजोगे झाले. तरी भारतीय स्वयंपाकात एक अडचण उरतेच: आमटी एका पातेल्यात होते, फोडणी पळीच्या अंदाजाने पडते आणि प्रत्येकाच्या ताटातले तेल वेगळे काढता येत नाही. आहार-सर्वेक्षणांत यावर जुना तोडगा आहे. घरातला साठा आधी तोलायचा, काही दिवसांनी पुन्हा तोलायचा आणि फरक खाणाऱ्यांत वाटायचा. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागल्या हे माणशी काढणे हा त्याचाच घरगुती प्रकार. त्यातून निघणारा आकडा ताटातल्या अंदाजापेक्षा पुष्कळदा मोठा असतो.

वजन किती असावे, याचे उत्तर आधी विमा कंपन्यांनी दिले. अमेरिकेच्या मेट्रोपॉलिटन लाइफने 1942-43 मध्ये उंचीनुसार ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले. बेल्जियमच्या केटले याने 1830 च्या दशकातच प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखवले होते. 1972 मध्ये कीज यांनी त्याच गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. महाराष्ट्रात अनेक पिढ्यांनी स्वतःचे वजन पहिल्यांदा पाहिले ते रेल्वे फलाटावरच्या, नाणे टाकल्यावर भविष्यासह तिकीट देणाऱ्या काट्यावर.

लिहून ठेवण्याचे बळ सर्वांत शेवटी कळले. 1967 मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ रुग्णांना काय, केव्हा, कुठे खाल्ले हे टिपायला लावले आणि वर्षभरात त्यांची वजने लक्षणीय उतरली. आठवणीवर का विसंबू नये, ते 1992 मध्ये स्पष्ट झाले. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघाले. त्यांना खोटे बोलणारे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चाखलेले, उरलेले संपवलेले, चहाबरोबर उचललेले माणसाच्या लक्षात राहत नाही. 2008 मध्ये सुमारे 1,700 जणांच्या अमेरिकी अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरले.

वजनाचे आकडे वाचायची रीतही अशीच उशिरा आली. मीठ, पाणी आणि पोटातले अन्न यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होते. चरबी मात्र आठवड्यात अर्धा किलो घटली तरी पुष्कळ. म्हणून एका सकाळचा आकडा फसवतो. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉकर यांनी 1991 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात रोजच्या वजनाची सरकती सरासरी काढून तिच्याच कलाकडे पाहायला सांगितले. रोज तोलावे, पण निर्णय सरासरीवर घ्यावा, ही युक्ती आज फोनवरची अ‍ॅप्स आपोआप करतात.

भारतीयांसाठी काट्याची एक मर्यादा पुण्यातून पुढे आली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही चरबी बाळगू शकते, हे त्यातून दिसले. त्यामुळे भारतात 23 पासूनच वजन जास्त मानतात आणि काट्याबरोबर टेपही वापरतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेतलेला पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या आत असावा, हे आज येथे पाळले जाणारे माप आहे.