वर्तुळाची वाटणी : रॅम्सडेनचे यंत्र आणि घरगुती रोटरी टेबल

वर्तुळाचे समान भाग पाडण्याच्या कामात एक अडचण आणि एक सोय एकत्रच नांदतात : एका भागातील बारीक चूक पुढच्या प्रत्येक भागात साठत जाते, पण पूर्ण फेरी ३६० अंशांचीच असल्यामुळे शेवटची खूण पहिल्या खुणेवर नेमकी येते की नाही हे पाहून ती चूक बाहेरच्या मापाशिवाय पकडता येते. रोटरी टेबल, म्हणजे मिलिंग मशीनवर बसवून काम हव्या त्या कोनातून फिरवणारी गोल बैठक, घरच्या वर्कशॉपमध्ये बनवता येते ती या सोयीमुळेच. आणि तिची कुळकथा अठराव्या शतकातील लंडनच्या उपकरणकारांपर्यंत जाऊन भिडते.

त्या काळचा नामवंत कारागीर जॉन बर्ड वेधशाळांच्या उपकरणांवर हातानेच खुणा कोरीत असे. ८५ अंश २० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कंस घेऊन तो दहा वेळा दुभागला, की प्रत्येकी ५ कलांचे १,०२४ भाग मिळतात, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होते. ही रीत अचूक असली तरी अतिशय संथ होती. जहाजांना तर सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजण्याची उपकरणे, मोठ्या संख्येने हवे होते, आणि चंद्र व तारा यांमधील अंतर मोजताना एका कलेची चूक झाली तर रेखांश सुमारे अर्ध्या अंशाने चुकत असे.

जेसी रॅम्सडेन याने १७७५च्या सुमारास पूर्ण केलेल्या विभाजन यंत्राने ही कोंडी फोडली. त्यात ४५ इंच व्यासाच्या काशाच्या चाकाच्या कडेला २,१६० दाते होते आणि त्यांत वर्म, म्हणजे आटे पाडलेला दंड, अडकवलेला होता. वर्मचा एक फेरा झाला की चाक बरोबर १० कला फिरे. चाकाच्या कडेला वर्म लावण्याची कल्पना नवी नव्हती, रॉबर्ट हूकने ती १६७४मध्येच मांडली होती; रॅम्सडेनचे खरे कर्तृत्व ते दाते पाडण्यात आहे. त्याने आधी वर्तुळाचे पाच, मग प्रत्येकाचे तीन आणि पुढे चार वेळा दुभागून २४० भाग केले, आणि आट्यांवर खाचा पाडून कटर बनवलेला पोलादी वर्म प्रत्येक भागात नऊ फेरे बसेल अशा बेताने खुणेखुणेवर तपासत फिरवला. ब्रिटनच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले, ते त्याने ही विद्या इतर कारागिरांना शिकवावी या अटीवर. यंत्राचे वर्णन १७७७मध्ये छापून प्रसिद्ध झाले. कारागिरीच्या इतिहासात राज्यसत्तेने याहून शहाणा व्यवहार क्वचितच केला असेल.

रॅम्सडेनच्या तालमीतील विल्यम केरी याने घडवलेला ३६ इंची थिओडोलाइट, म्हणजे मोजणीतील कोनमापक, विल्यम लॅम्बटनने भारताच्या महासर्वेक्षणात वापरला. त्या कामातच १८२३मध्ये लॅम्बटनला हिंगणघाट येथे मृत्यू आला.

१८९८मध्ये लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघू लागले आणि घरच्या लेथवर काम करणाऱ्या हौशी कारागिरांना एक व्यासपीठ मिळाले. असा कारागीर रोटरी टेबल बनवताना रॅम्सडेनचीच वाट चालतो. लेथच्या स्पिंडलवर दातेरी गिअर बसवून, खटक्याने एकेक दाता मोजत, पितळी किंवा बिडाच्या चकतीच्या कडेवर तो आधी तिरप्या खाचा पाडतो, आणि मग वर्मच्याच आट्यांचा टॅप कटरसारखा फिरवून दाते पुरे करतो. खाचा न पाडता टॅप लावला, तर चकतीचा व्यास थोडा चुकला तरी ठरवलेल्या ९०ऐवजी ८९ किंवा ९१ दाते पडू शकतात.

नव्वद दात्यांच्या टेबलात वर्मच्या एका फेऱ्यास ४ अंश होतात. त्याहून लहान भागांसाठी वर्मच्या दंडावर भोकांची तबकडी लावतात. ५० मिलिमीटर त्रिज्येवरचे भोक ०.१ मिलिमीटरने चुकले, तर तबकडीवर सुमारे ७ कलांची चूक होते, पण टेबलापर्यंत पोहोचेतो ती नव्वदपटीने घटून ५ विकलांहूनही, म्हणजे कलेच्या बाराव्या भागाहूनही, कमी उरते. म्हणून ओबडधोबड तबकडी लावून त्याच टेबलावर दुसरी, अधिक नेमकी तबकडी करता येते. वर्मचाकाची, म्हणजे त्या दातेरी चकतीची, स्वतःची चूक मात्र अशी घटत नाही. चाकाचा मध्य जरासा सरकलेला असेल, तर तो दोष थेट कामात उतरतो. यासाठी दाते शेवटी पुरे करताना चाक टेबलाच्या स्वतःच्या दंडावर आणि बेअरिंगमध्येच बसवलेले असावे लागते.