गुडघ्याचे अंतरंग : दिसणे आणि कळणे

मांडीचे हाड आणि नडगी यांच्या सांध्यात दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात आणि एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. पाय जमिनीत रोवलेला असताना अंग एकाएकी वळले, की बहुधा हे मऊ भाग दुखावतात. हाड शाबूत राहते. गुडघ्याच्या दुखापतीचे निदान दीर्घकाळ दुष्कर राहिले, ते यामुळेच.

१८७९ साली पॅरिसचे शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी मृतदेहांचे गुडघे बळाने पिळून पाहिले. नडगीच्या वरच्या टोकाची, बाहेरच्या बाजूची एक चिमुकली कपची तंतूंसह उपटून निघते, असे त्यांना आढळले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ते किरण गवसले. त्यांनी त्याचे एकस्व घेतले नाही, आणि काही महिन्यांतच मोडलेल्या हाडांची छायाचित्रे रुग्णालयांतून निघू लागली. कूर्चा व अस्थिबंध मात्र त्या छायाचित्रांत उमटत नव्हते. तरीही सेगाँची ती कपची आज क्ष-किरणचित्रात दिसली, की पुढचा अस्थिबंध तुटला असावा, असे अनुमान वैद्य करतात. दृश्यावरून अदृश्य ओळखण्याची ही रीत आहे.

प्रत्यक्ष आत डोकावण्याचा मार्ग जपानने दाखविला. १९१८ मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीतून मृतदेहाचा गुडघा पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीच्या साहाय्याने फाटक्या कूर्चेचा भाग काढला. पण या मार्गाने केवळ पाहायचे म्हटले, तरी छेद अटळ होता.

तो टळला चुंबकीय अनुनादामुळे. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांपासून प्रतिमा घडविण्याची पद्धती पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती पुढे नेली. उभयतांना २००३ साली नोबेल पारितोषिक लाभले. कूर्चा आणि अस्थिबंध आता त्वचेला स्पर्शही न करता दिसू लागले.

आणि येथेच नवा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पन्नाशीपुढच्या ९९१ नागरिकांच्या अशा प्रतिमांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची कूर्चा फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याची काहीही तक्रार नव्हती! २०१३ मध्ये फिनलंडमधील १४६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. झिजून फाटलेली कूर्चा काही रुग्णांत छाटली होती; इतरांत शस्त्रक्रियेचा केवळ आभास केला होता. वर्षभराने दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अपघाताने तुटलेल्या अस्थिबंधाला हा निष्कर्ष लागू नाही. पण केवळ चित्रावर विसंबून शस्त्र उचलणाऱ्यास तो सावध करतो.

पाय कसा मुरगळला, सूज केव्हा आली, हे वैद्याने रुग्णाला विचारावे, गुडघा हातांनी तपासावा आणि मगच प्रतिमेकडे वळावे. शतकभरात दृष्टी अतोनात वाढली. विचारपूस करण्याचे आणि विवेकाचे काम मात्र माणसाकडेच राहिले आहे.