जालसमता आणि उदारमतवाद : वाहकाच्या कर्तव्याचा एक जुना वाद

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवरील मुर्धा हे गाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. या परिसराची जुनी ओळख मिठागरांची. मीठ हा जड, परंतु अल्पमोल माल होय. तो पिकविण्यास कितीही श्रम पडोत, दूरच्या बाजारातील त्याची किंमत पुष्कळ अंशी वाहतुकीच्या खर्चावरच ठरते. असा माल पूर्वी खाडीतून होड्यांनी बाहेर जाई. १८६४ साली बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईस पोहोचला, तेव्हा त्यास दुसरी वाट मिळाली. मात्र खाडीत होड्या अनेकांच्या होत्या. लोहमार्ग एकाच कंपनीचा होता. माल एकाचा आणि वाट दुसऱ्याची, अशी स्थिती उत्पन्न झाली म्हणजे वाटेच्या मालकाने कोणाचा माल कोणत्या दराने न्यावा, हा प्रश्न केवळ व्यापाराचा राहत नाही. तो राज्यशास्त्राचा होतो. एकविसाव्या शतकात 'नेट न्यूट्रॅलिटी' या नावाने जो वाद झाला, तो मूलतः हाच. व्यक्तिस्वातंत्र्यास सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या उदारमतवादाने त्याकडे कसे पाहावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात बरेचसे सापडते.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट होय. ही संज्ञा टिम वू या कायदेपंडिताने २००३ साली रूढ केली. आंतरजालाची जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने आपल्या तारांतून जाणाऱ्या मजकुरात आवड-निवड करू नये, एकास अडवून वा मंद करून दुसऱ्यास पुढे काढू नये, हा तिचा आशय. मराठीत तिचा अनुवाद बहुधा 'तटस्थता' असा करतात. पण तो दिशाभूल करणारा आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला, प्रवाहाशी संबंध नसलेला. वाहक तटावर नसतो. तो प्रवाहातच असतो व त्याच्याच होडीतून सर्वांस पार व्हावयाचे असते. त्याच्याकडून अपेक्षित असते ती अलिप्तता नव्हे, तर सर्वांशी समान वर्तन. म्हणून 'जालसमता' हा शब्द अधिक योग्य होय.

आता उदारमतवादाकडे वळू. या विचारसरणीत प्रारंभापासून दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह मालमत्तेच्या व कराराच्या स्वातंत्र्यावर भर देतो. मुंबईत १९५६ साली स्थापन झालेला फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज आणि १९५९ साली निघालेला स्वतंत्र पक्ष यांनी परवाना-पद्धतीविरुद्ध जी भूमिका घेतली, ती या प्रवाहातील होती. त्याचा अनुयायी साहजिकच असे म्हणेल की, ज्याने भांडवल घालून तारा टाकल्या त्यास त्यांचा दर ठरविण्याचा अधिकार आहे. शासनाने मध्ये पडल्यास उद्या तेच शासन मजकुरावरही हुकमत गाजवील. हे भय निराधार नाही.

दुसरा प्रवाह असे विचारतो की, जेथे दुसरी वाटच नाही तेथे कराराचे स्वातंत्र्य कोणास असते? जॉन स्टुअर्ट मिल हा निर्हस्तक्षेपाचा सामान्यतः पुरस्कर्ता; तथापि १८४८ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात रस्ते, कालवे व लोहमार्ग हे व्यवहारतः मक्तेच असतात आणि असा मक्ता निर्बंधाविना खासगी कंपनीस देणे म्हणजे तिला जनतेवर मनमानी कर बसवू देणेच होय, असे त्याने प्रतिपादिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात या विचारास अधिक व्यापक अधिष्ठान लाभले. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांचे बळ समान असते, हे रूढ अर्थशास्त्राचे गृहीतक येथील समाजास लागू पडत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १८७९ सालच्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यास त्यांचा पाठिंबा होता, तोही याच न्यायाने. सावकार व कुणबी यांच्यातील करार कागदावर स्वतंत्र असला, तरी वस्तुतः तसा नसतो, हे त्यांनी ओळखले होते. रानडे उदारमतवादी राहिले ते शासनास दूर ठेवून नव्हे, तर स्वातंत्र्याची पूर्वअट कोणती, हे विचारून.

लोहमार्गांच्या दरांत या तत्त्वाची कसोटी लागली. १८९० सालच्या रेल्वे कायद्याच्या ४२व्या कलमाने कोणत्याही व्यक्तीस वा मालास अवाजवी झुकते माप देण्यास रेल्वेला मनाई केली होती. तरीही बंदराकडे जाणारा कच्चा माल व बंदरातून आत येणारा तयार माल यांस तुलनेने स्वस्त दर मिळत आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालास अधिक भाडे पडे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वस्त दराने कापूस बंदरास पाठविणाऱ्यास त्यात अन्याय दिसत नसे. त्यास तर ती सवलतच होती. अन्याय होता तो जी गिरणी, जो कारखाना आतल्या भागात निघू शकला असता, पण निघाला नाही, त्याच्यावर. सवलत ही दृश्य असते, तिने बंद केलेली वाट अदृश्य असते. १९१६ ते १९१८ या काळातील औद्योगिक आयोगाने अंतर्गत वाहतुकीचे दर बंदरांच्या वाहतुकीशी शक्यतो समान असावेत, अशी शिफारस केली.

ही ऐतिहासिक पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे २०१५ सालचा वाद नवा वाटत नाही. त्या वर्षी २७ मार्च रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक विचारपत्र काढले आणि त्यावर दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झीरो' ही योजना जाहीर केली. फेसबुकची मोफत सेवा पुढे 'फ्री बेसिक्स' या नावाने ओळखली गेली. निवडक संकेतस्थळे ग्राहकास विनामूल्य, उर्वरित आंतरजाल मात्र सशुल्क, असे या योजनांचे स्वरूप होते. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकच्या प्रमुखाने एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हवामान व बाजारभाव यांची माहिती त्यास या सेवेमुळे मिळाली. यात आंतरजालाचे काय बिघडले, असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न उपहासाने उडवून लावण्याजोगा नव्हता. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यास थोडे मिळत असेल, तर तत्त्वाच्या नावाने ते हिरावून घेणे ही उदारता नव्हे. परंतु उत्तर रेल्वेच्या इतिहासात होते. शेतकऱ्यास माहिती मिळाली, ही दृश्य सवलत होती. कोणता भाव, कोणाचा भाव त्याने पाहावा, हे मात्र वाटेचा मालक ठरविणार होता. एखाद्या तालुक्यातील तरुणाने मराठीत चालविलेले बाजारभावाचे नवे संकेतस्थळ या यादीत नसल्यास, तेवढ्यापुरते ते शेतकऱ्यास महाग पडणार होते. ज्या भाषांचे व्यवसाय अद्याप लहान आहेत, त्यांना तर ही अदृश्य हानी अधिक सोसावी लागली असती.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुराच्या आधारे डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. आणीबाणीच्या सेवांस अपवाद ठेवला व उल्लंघनासाठी दिवसास ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरविला. जुलै २०१८ मध्ये मजकूर अडविणे वा मंद करणे यांविरुद्धचे तत्त्वही दूरसंचार विभागाने स्वीकारले. २०१६ सालच्या या नियमाची मर्यादा विशेष लक्षणीय आहे. दर किती असावा, हे त्याने सांगितले नाही. कंपनीस तो स्वस्त वा महाग ठेवण्याची मुभा राहिली. फक्त मजकूर पाहून दर बदलू नये, एवढेच म्हटले. पहिल्या प्रवाहाच्या भयास यात योग्य उत्तर आहे. किंमत ठरविणारे शासन आणि पक्षपात रोखणारे शासन या दोन भिन्न गोष्टी होत.

मात्र हे तत्त्व स्वीकारणाऱ्याने ते शासनासही लावले पाहिजे. वाहकाने निवड करू नये म्हणणारे शासन स्वतःच एखाद्या जिल्ह्याचे आंतरजाल बंद करते, तेव्हा उदारमतवाद्याचे काम संपत नाही. तेथेच ते सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरविले आणि अनिश्चित काळाची बंदी अग्राह्य मानली, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत हाच नियम २०१५ साली झाला, २०१७ साली रद्द झाला, २०२४ साली पुन्हा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्दबातल केला. ज्या तत्त्वास केवळ बहुमताचा आधार असतो, ते बहुमताबरोबर बदलते. त्यास विचारपरंपरेचा आधार हवा. महाराष्ट्रात तो रानड्यांच्या काळापासून उपलब्ध आहे. मुर्ध्याच्या परिसरातील मीठ असो वा मराठीतील एखादे अल्पपरिचित संकेतस्थळ असो, त्याचे मोल बाजारात ठरावे, वाटेवर ठरू नये, हा त्या परंपरेचा निष्कर्ष होय.