शिवोलीची कॅसेट

रेमो फर्नांडिस म्हटले की नागपूरकरांना आठवते ते ‘हम्मा हम्मा’, म्हणजे १९९५चा ‘बॉम्बे’. माझ्या टेबलावर आहे ती त्याआधीची, १९८४ची ‘गोवन क्रेझी’. सीताबर्डीच्या रद्दीत मिळाली. कुणी गोव्याच्या सहलीहून आणली असावी.

रेमोंचा जन्म १९५३चा, गाव शिवोली, शिक्षण मुंबईच्या जे. जे.त वास्तुकलेचे. मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण केले. बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली, मुखपृष्ठ स्वतः केले आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. गोव्याची त्यांची शाईतली रेखाचित्रे पोस्टकार्डांवर आणि टी-शर्टांवर विकली जात.

चित्रकला हा त्यांचा जोडधंदा होता, असे मला वाटत नाही. वास्तुरचनाकार ट्रेसिंग पेपरवर पेपर ठेवतो, तसाच चार ट्रॅकवर आवाजावर आवाज चढतो. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर जोर असतो, आपल्या समेसारखा; बाकी सगळे त्याभोवती बेतायचे. तोही आराखडाच! ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५) मध्ये जुनी कोंकणी-पोर्तुगीज गाणी आली, ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) अमली पदार्थांविरुद्ध. २००७ साली पद्मश्री मिळाली.

आता लोक कॅसेटींतला आवाज संगणकावर उतरवतात आणि डबीतला कागद फेकून देतात. अर्धा रेमो तिथेच जातो. मी रद्दीवाल्याला सांगून ठेवले आहे : फीत तुटलेली चालेल, कागद तेवढा ठेव.